‘एल्मर गँट्री’ पाहावा की ‘मार्जो’?

एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर वेळेचा हिशेब सोपा आहे: ‘एल्मर गँट्री’ (1960) हा चित्रपट जवळपास अडीच तासांचा, ‘मार्जो’ (1972) हा माहितीपट दीड तासाचा. दोन्ही अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रवचनकारांच्या भोंदूगिरीबद्दल. अभिनयात गँट्री झालेल्या बर्ट लँकेस्टरला तोड नाही. दारू ढोसणारा हा फिरता विक्रेता प्रवचनाच्या तंबूत शिरतो आणि बोलता बोलता गर्दी खिशात घालतो. ऑस्कर उगाच नाही मिळालं! पण भोंदूगिरी चालते कशी, हे ‘मार्जो’च उलगडून दाखवतो. लहानपणापासून प्रवचनं देणारा मार्जो गॉर्टनर कॅमेऱ्यासमोर स्वतःच युक्त्या सांगतो, खोलीत बसून नोटा मोजतो. समोरचे भाबडे चेहरे खरे आहेत, म्हणून पोटात ढवळतं.

शॅरनसारखी मनापासून श्रद्धाळू प्रवचनकार मात्र ‘गँट्री’तच भेटते. श्रद्धा आणि फसवणूक एकत्र कशी नांदते हे अनुभवायचं असेल, तर तोच पाहा. बुवाबाजीची यंत्रणा समजून घ्यायची असेल, तर ‘मार्जो’.