अमेरिकेतला उन्हाळी कॅम्प: साधा की अपंगांसाठीचा?
कॅम्प काउन्सेलर, म्हणजे कॅम्पात येणाऱ्यांना सांभाळणारे, म्हणून जाताना दोन्हीकडे जे-१ व्हिसाच (सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीचा अमेरिकी व्हिसा). वय किमान १८, काम फार तर ४ महिने. साध्या कॅम्पात मुलांना पोहायला शिकवायचं, खेळ घ्यायचे, रात्री शेकोटी. अपंगांच्या कॅम्पात अंघोळ, कपडे, व्हीलचेअरवरून पलंगावर नेणं हेही तुमचंच काम. समोरची व्यक्ती कधी तुमच्याहून वयाने मोठी असते. भरवताना तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं, पहिला घास गिळून झाल्याशिवाय दुसरा चमचा उचलायचा नाही. आणि हात लावण्याआधी विचारायचं, दरवेळी. कंबर धरते, झोपमोड होते. निव्वळ पैशासाठी जाणार असाल तर दोन्ही नकोत. फिजिओथेरपी किंवा विशेष शिक्षण शिकताय? मग मी अपंगांचा कॅम्पच सांगेन, आणि अगदी मनापासून.