ब्लूइंग झिजलेले रिव्हॉल्व्हर: नवे फिनिश करावे की आहे तसे ठेवावे? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडचे रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचे आहे, .३८ स्पेशल या काडतुसाचे, सहा गोळ्यांचे, मिलिटरी अँड पोलीस या नावाने विकले गेलेले. या जातीचे रिव्हॉल्व्हर १८९९ पासून बनत आले आणि १९५७ मध्ये कंपनीने मॉडेलांना क्रमांक देण्यास सुरुवात केल्यावर त्याला मॉडेल १० म्हणू लागले. माझ्या रिव्हॉल्व्हरवर मॉडेलचा क्रमांक नाही, म्हणजे ते त्याआधीचे आहे. हातात आले तेव्हा त्याचे ब्लूइंग, म्हणजे पोलादावर मुद्दाम आणलेले निळसर-काळे फिनिश, जिथे जायला हवे तिथेच गेलेले होते. नळीच्या तोंडाकडच्या दोन्ही बाजू होल्स्टरमध्ये घासून पांढऱ्या पडल्या होत्या, सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या दंडगोलाच्या) पुढच्या कडा उघड्या होत्या, मुठीच्या मागची पट्टी तळहाताच्या घामाने तपकिरी झाली होती आणि त्याच पट्टीवर एका ठिकाणी तांबूस गंज धरला होता. सिलिंडर फिरताना त्याला अडवणाऱ्या खिट्टीने, म्हणजे स्टॉपने, ओढलेली रेघही स्पष्ट दिसत होती. पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने एकच सल्ला दिला: पुन्हा ब्लूइंग करून घ्या, नव्यासारखे दिसेल. मी काही महिने ते तसेच वापरून मग ठरवायचे असे ठरवले. आता ठरले आहे, आणि त्यामागची कारणे सविस्तर मांडण्यासारखी आहेत.

फिनिशचा विचार करण्याआधी यंत्रणा तपासून घेणे आवश्यक होते, कारण ज्याची यंत्रणाच ढिली झाली आहे त्याच्या रंगावर पैसे घालण्यात अर्थ नाही. गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) घोडा हळूहळू मागे घेत प्रत्येक कप्पा वेळेवर जागेवर येऊन अडकतो का ते पाहिले, सिलिंडर पुढे-मागे व बाजूला किती हलते ते पाहिले, आणि सिलिंडर व नळी यांच्यातली फट मोजली. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये ती साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान असावी, आणि ती त्यातच होती. स्टॉप ज्यांत अडकतो त्या सिलिंडरच्या खाचांच्या कडा ठोके बसून पसरलेल्या नव्हत्या. नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे आटे स्वच्छ व धारदार होते. त्यामुळे प्रश्न केवळ पृष्ठभागाचा उरला.

ब्लूइंग हा रंगाचा थर नसतो, हे लक्षात घेतले की पुढचे सगळे सोपे होते. पोलादाच्याच पृष्ठभागावरील लोहाचे मॅग्नेटाइट या काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर केलेले असते आणि त्या पापुद्र्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असते. तांबडा गंजही लोहाचाच ऑक्साइड, पण तो सच्छिद्र असतो, फुगतो, सुटून पडतो आणि खालचे पोलाद पुन्हा हवेला व ओलाव्याला उघडे करतो. मॅग्नेटाइट मात्र धातूला चिकटून राहतो. तरीही एवढ्या पातळ थराचे संरक्षण बेताचेच असते आणि खरे काम त्यात धरून राहिलेले तेल करते. म्हणून ब्लूइंग गेले म्हणजे शस्त्र निकामी होऊ लागले, ही भीती खरी नाही. उघड्या पोलादावर तेलाचा हात फिरत राहिला तर तेही टिकते, आणि तेल न लावलेले नवेकोरे ब्लूइंगही दमट हवेत गंजते.

आता मुख्य मुद्दा. फिनिश पुन्हा करताना शस्त्राचे नुकसान रसायनाने क्वचितच होते. ते होते त्याआधीच्या घासकामाने. नवे ब्लूइंग खालचा पृष्ठभाग जसा असेल तसाच दाखवते, एकही ओरखडा किंवा खड्डा झाकत नाही, त्यामुळे खड्डे घालवायचे तर त्यांच्या तळापर्यंत आजूबाजूचे सगळे पोलाद काढावे लागते. हे काम मऊ बफच्या चाकावर घाईने केले की फ्रेमच्या (मुख्य सांगाड्याच्या) धारदार कडा गोल होतात, सपाट बाजूंवर लाटा उठतात, स्क्रूंच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो, बाजूची प्लेट आणि फ्रेम यांच्यातली केसासारखी बारीक सांधरेषा रुंद दिसू लागते, आणि नळीवरची कंपनीची अक्षरे व काडतुसाचे नाव पुसट होते. ब्लूइंग पुन्हा चढवता येते. गेलेली कड आणि गेलेले अक्षर परत आणता येत नाही. पूर्वी फिनिश केलेली रिव्हॉल्व्हरे मी मुद्दाम शेजारी ठेवून पाहिली आणि मला हाच फरक सर्वांत जास्त खटकला: रंग चकचकीत, पण आकार वितळल्यासारखा. माझ्या रिव्हॉल्व्हरवरची अक्षरे आजही नखाला लागतात, आणि बाजूच्या प्लेटची सांधरेषा शोधावी लागते. हे गमावण्याइतकी चकाकी मला मोलाची वाटत नाही.

चांगला कारागीर हे टाळू शकतो, यात शंका नाही. तो सपाट भाग कडक ठोकळ्यावर पॉलिश पेपर धरून हाताने घासतो, भोकांत व सांध्यांत आधार देतो, अक्षरांच्या भोवती हात आवरतो आणि काही खड्डे तसेच राहतील हे आधीच सांगतो. काम देण्यापूर्वी त्याने केलेली दोन-तीन शस्त्रे हातात घेऊन कडा, भोके आणि अक्षरे पाहावीत. रंग सगळ्यात शेवटी पाहावा. अनुक्रमांकाला कोणत्याही परिस्थितीत हात लागू नये, कारण तो पुसट होणे हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो.

पद्धतीचा विचारही महत्त्वाचा आहे. आज बहुतेक ठिकाणी गरम क्षारांच्या टाकीत ब्लूइंग होते: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांचे संपृक्त द्रावण साधारण १३५ ते १५० अंश सेल्सिअसला उकळत असते आणि त्यात सुटे भाग बुडवतात. हे घरी करण्याचे काम नाही. या टाकीत ॲल्युमिनियम विरघळते, म्हणून हलक्या मिश्रधातूच्या फ्रेमची रिव्हॉल्व्हरे तिच्यात जाऊच शकत नाहीत. शिसे-कथिलाच्या डाखालाही ती धोक्याची असते. क्षार सांध्यांत व आट्यांत अडकून राहिले तर काही काळाने पांढरी बुरशी आल्यासारखे बाहेर झिरपतात आणि तिथेच गंज सुरू करतात. माझ्या रिव्हॉल्व्हरचा घोडा व चाप केस हार्डनिंगच्या (पोलादाचा पृष्ठभाग कडक करण्याच्या प्रक्रियेच्या) रंगीत छटांचे आहेत. ते भाग आम्लात किंवा या टाकीत गेले तर त्या छटा कायमच्या जातात. आणि त्या काळातले मूळ ब्लूइंग या टाकीतले नव्हतेच. ते बंद भट्टीत, हाडांचा कोळसा आणि कार्बोनिया नावाचे तेल वापरून केले जात असे. त्याची खोल, किंचित धुरकट झाक गरम क्षारांच्या काळ्या रंगाशी जुळत नाही. मुठीच्या लाकडी फळ्या काढल्यावर खाली त्या मूळ रंगाचा न झिजलेला भाग दिसतो. तो एकदा पाहिल्यावर ‘नव्यासारखे’ या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता बदलला.

गंज लावून करायची जुनी पद्धत मला अधिक आदराची वाटते. सौम्य आम्लद्रावणाने मुद्दाम बारीक गंज आणायचा, तो पाण्यात उकळून काळ्या ऑक्साइडमध्ये बदलायचा, वरची सैल काजळी हलक्या ब्रशने किंवा स्टील वूलने काढायची आणि हाच क्रम रंग पुरेसा खोल होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायचा. यात वेळ फार जातो, पण डाखाचे सांधे वाचतात आणि फिनिश टिकाऊ होते. मात्र त्याची झाक रेशमी व मंद असते, या रिव्हॉल्व्हरची मूळ चमक तीही देत नाही.

या पद्धतीतले एक तत्त्व मी उपयोगात आणले. मागच्या पट्टीवरचा तांबूस गंज तसाच ठेवणे शक्य नव्हते, कारण तो जिवंत होता: पांढऱ्या कापडाने पुसला की कापडावर डाग यायचा. स्थिर तपकिरी झाक आणि चालू असलेला गंज यांत हाच फरक आहे. गनस्मिथकडून फ्रेम पूर्ण सुटी करून घेतली, तेलाचा अंशही राहणार नाही अशी धुतली आणि डिस्टिल्ड पाण्यात उकळली. तांबूस भाग काळा झाला. वरची काजळी सर्वांत बारीक, म्हणजे ०००० क्रमांकाच्या स्टील वूलने हलकेच काढली आणि लगेच तेल लावले. तिथे आता जवळून पाहिल्यास बारीक खड्डे दिसतात, पण इतक्या महिन्यांच्या हाताळणीनंतरही तो भाग काळाच आहे आणि कापडाला डाग येत नाही. मूळ ब्लूइंगला या उपायाने काहीही झाले नाही. व्हिनेगर आणि आम्लयुक्त गंजनाशके मात्र चांगले ब्लूइंगही गंजासोबत काढून टाकतात. त्यांच्यापासून दूर राहावे. सिलिंडरच्या तोंडावरचे काजळीचे व शिशाचे डाग काढण्यासाठी मिळणारी रसायन लावलेली कापडेही ब्लूइंग खातात.

कोल्ड ब्लूचाही, म्हणजे न तापवता नुसत्या लावायच्या द्रावणाचाही, प्रयोग मी नळीच्या उघड्या कडेवर केला. या द्रावणात सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात आणि ते पोलादावर काळपट थर बसवतात. तो मॅग्नेटाइट नव्हे. पहिल्या दिवशी रंग चांगला जुळला होता, फक्त तिरक्या प्रकाशात थोडा करडा दिसे. होल्स्टरमधून काढणे-घालणे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कड पुन्हा पांढरी झाली. शिवाय त्याचा विशिष्ट वास रेंगाळतो आणि जाणकार खरेदीदार तेवढ्यावरून ओळखतो. एखाद्या स्क्रूच्या डोक्यावरचा ओरखडा झाकायला ते ठीक आहे. हातमोजे घालून आणि खेळती हवा ठेवून. झिजलेल्या संपूर्ण रिव्हॉल्व्हरवर मी ते कधीही लावणार नाही.

सर्वाधिक फरक पडला तो मायक्रोक्रिस्टलाइन मेणाने. तेल पुसले जाते, ओघळते, धूळ धरते. मेणाचा पातळ हात कोरड्या पृष्ठभागावर देऊन मऊ कापडाने चोळला की तो हाताळणीतही बराच टिकतो आणि बोटांच्या घामाचे ठसे धातूपर्यंत पोहोचू देत नाही. मी बाहेरून मेण आणि आतल्या यंत्रणेत थोडेसे तेल अशी विभागणी ठेवली आहे. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्ये साठवणे पूर्ण बंद केले, कारण चामडे ओलावा धरते आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात उरलेले असू शकतात. गंजाचे खोल खड्डे अनेकदा अशाच साठवणुकीतून येतात. या काळात उघड्या कडांवर नवा गंज आला नाही. झीज मात्र थांबलेली नाही, आणि वापरातल्या वस्तूची ती थांबणारही नाही.

किमतीचा मुद्दा थोडक्यात. संग्राहक मूळ फिनिश किती टक्के उरले आहे हे पाहून दर्जा ठरवतात, आणि झिजलेले मूळ फिनिश बहुधा नव्या चकचकीत फिनिशपेक्षा वरचे मानले जाते. स्मिथ अँड वेसनने स्वतः पुन्हा काम केलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या तळाशी अनुक्रमांकाजवळ ताऱ्याची खूण आढळते, म्हणजे कंपनीचे कामसुद्धा नोंदवले जाते. माझ्या रिव्हॉल्व्हरवर ती खूण नाही, आणि ते मला विकायचेही नाही.

पुन्हा फिनिश करून घ्यायला मी विरोध करत नाही. ज्याचे आधीच एकदा वाईट फिनिश झाले आहे, ज्यावर गंज सर्वभर पसरला आहे, किंवा जे दमट हवेत रोज अंगावर वागवायचे आहे आणि ज्याला संग्रहाचे मूल्य नाही, अशा शस्त्रासाठी ते योग्यच आहे. तिथे खड्डे राहू देऊन, कमीत कमी घासून, मंद फिनिश मागावे असे मी सुचवेन. माझ्या रिव्हॉल्व्हरवर उकळून काळा केलेला भाग पुन्हा तांबूस होऊ लागला आणि खड्डे खोल जाऊ लागले, तर तेवढ्या पट्टीपुरते गंज-पद्धतीचे ब्लूइंग करण्याबद्दल गनस्मिथशी बोलून ठेवले आहे. नळीला आणि अक्षरांना चाक लागणार नाही, ही अट त्याने मान्य केली आहे.