गल्लीतली बालवाडी: लेकीला इथे घातलं ते बरं झालं

बालवाडी बघायला गेलं की आपण फी विचारतो, इंग्रजीचं विचारतो, एसी आहे का तेही बघतो. माझं म्हणणं आहे, आधी अंगण बघा. तीन वर्षांचं आणि साडेपाच वर्षांचं मूल तिथे एकत्र खेळतं का? आमच्या गल्लीतल्या बालवाडीत खेळतं, म्हणून मी ती सगळ्यांना सुचवते.

लेक चार वर्षांची. लंगडी घालायची तर दुसरा पाय लगेच टेकायचा. ताईंनी तिला मुद्दाम काही शिकवलं नाही. मोठ्या गटातल्या मुली खेळायच्या आणि ही रेघेबाहेर उभी राहून त्यांच्या पायांकडे बघायची. मग त्यांतल्याच एकीने हिला भिंतीपाशी नेलं, "इथे हात धर न् उडी मार." भिंत हळूहळू सुटली. मी घरी कितीही करून दाखवलं असतं तरी हे झालं नसतं. आई काय, मोठीच असते. पण वर्षभराने मोठ्या ताईला जमतं म्हणजे मलाही जमेल, असं मुलांना वाटतं.

हाताच्या कामांचंही तेच. डब्याचं झाकण घट्ट असलं तर ताई शेजारी बसतात, पण हात लावत नाहीत. आधी शेजारचं मूल मदत करतं. मणी ओवणं, तांब्यातून वाटीत पाणी ओतणं, चिंचोके निवडणं रोज चालतं. बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाड्यांचं जे काम उभं केलं, त्याच वाटेवरचं हे काम आहे. महागडी खेळणी इथे दिसणार नाहीत.

मला सगळ्यात आवडलं ते आजी-आजोबांना वर्गात बसवणं. आमच्या सासूबाई नातीला शेवटच्या घासापर्यंत भरवायच्या. तिथे तिला वरणभात स्वतः कालवून खाताना त्यांनी पाहिलं. सांडलं बरंच, पण ताट रिकामं झालं. तेव्हापासून घरीही ती आपल्या हाताने जेवते.

एक तक्रार आहे. चेंडू बहुतेक वेळा मुलांच्याच हातात आणि भातुकली मुलींकडे. या वयात ताकदीत असा काय फरक असतो? ज्याला फेकायला-झेलायला मिळतं त्याचा हात बसतो. मी ताईंशी बोलले. आता जोड्या लावून झेलाझेली घेतात, पण लक्ष नसलं की पुन्हा जुनंच सुरू होतं.

मार्चनंतर अंगणात सावली नसते, तेव्हा खेळ आत हलतो आणि पळापळ कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल सांगितली आहे. त्यामुळे त्या महिन्यांत संध्याकाळी आम्ही तिला मैदानावर नेतो, शक्यतो शेजारच्या मोठ्या मुलांबरोबर.

प्रवेश घेतलात तर फ्रॉकऐवजी चड्डी आणि टीशर्ट घाला. फ्रॉक सावरत घसरगुंडी चढता येत नाही.