हर्णैचा मासळी बाजार : ‘आजची’ म्हणजे नक्की कधीची?

दापोली तालुक्यातील हर्णै बंदरावरच्या लिलावाला मी आजवर चार वेळा गेलो आहे, त्यामुळे हा अभिप्राय एका सहलीच्या भरात लिहिलेला नाही. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, त्याच्या अलीकडे नांगरलेल्या होड्या, उथळ पाण्यातून मासळी घेऊन काठाकडे येणाऱ्या बैलगाड्या आणि वाळूवरच पुकारले जाणारे भाव, हे सारे पाहण्यासारखे आहेच. परंतु घरी रांधण्यासाठी मासळी घेणाऱ्याने या देखाव्याला भुलू नये.

येथे ‘आजची मासळी’ म्हणजे आज काठाला लागलेली मासळी, आज पकडलेली असेलच असे नाही. लहान होड्या त्याच दिवशी परततात, तर मोठे ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात राहून बर्फात ठेवलेला माल आणतात, आणि दोन्हींची मासळी शेजारी शेजारी मांडलेली असते. विकणारी खोटे बोलत नसते. तिच्या दृष्टीने दोन्ही आजचीच. लिलावात मोठे ढीग व्यापारी उचलतात, म्हणून आपल्यासारख्याने बाजूला वाटे (मासळीचे छोटे ढीग) लावून बसलेल्या कोळिणींकडून घ्यावे आणि प्रत्येक वाटा स्वतः तपासावा.

मागच्या खेपेस एका कोळिणीला मी पापलेटचा भाव विचारला, तेव्हा तिने आधी मासा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “दादा, कल्ल्याजवळ दाबून बघा, मग भावाचं बोला.” दाबल्यावर पांढरट पाणी आले, शेजारच्या वाट्यातल्या पापलेटमधून मात्र लालसर पाणी निघाले आणि अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. तो शिळा वाटा दीडशे रुपयांनी स्वस्त होता. बोंबील घेताना जबड्याचा गुलाबी रंग पाहावा, पिवळट पडलेला घेऊ नये. कोळंबीचे डोके सैल किंवा काळपट असेल तर पुढे जावे. तिसऱ्या म्हणजे खाण्याच्या शिंपल्या घेताना शिंपले मिटलेले हवे, आणि उघडे शिंपले टकटक केल्यावरही मिटत नसेल तर ते बाजूला काढावे. सुरमईचे तयार तुकडे मी घेतच नाही, कारण डोके आणि कल्ले दिसल्याशिवाय ती किती ताजी आहे हे कळत नाही.

बांगड्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तेथे चूक माझीच झाली. कल्ले लालभडक, डोळे टपोरे, अंग ताठ असे डझनभर बांगडे घेतले आणि पिशवी गाडीच्या डिकीत टाकून आम्ही किनाऱ्यावर दोन-अडीच तास रमलो. मुक्कामी तिरफळे (जिभेला चुणचुणणारा कोकणी मसाला) घालून कढी केली. वास उत्तम होता. जिभेला जी चुणचुण जाणवली ती आम्ही तिरफळांच्या खात्यावर टाकली. अर्ध्या तासात माझा आणि मेहुण्याचा चेहरा लाल झाला, डोके ठणकू लागले आणि अंगाला खाज सुटली. दापोलीच्या डॉक्टरांनी काय खाल्ले एवढेच विचारले आणि सांगितले की बांगडा, कुपा (ट्यूना) यांसारखे मासे उष्णतेत राहिले की जिवाणू त्यांच्यात हिस्टामीन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारे रसायन तयार करतात. ते शिजवल्याने जात नाही, आणि माशाला घाण वास येईलच असेही नाही. म्हणजे विकणारीकडे ताजा असलेला मासा आम्ही डिकीत बिघडवला होता. आता मी थर्मोकोलचा डबा आणि मासळीच्या वजनाइतका बर्फ सोबत नेतो, आणि बांगडा सगळ्यात शेवटी घेतो.

तक्रारी दोन आहेत. मासळी कापून मिळते, पण पाटावर ओतले जाणारे पाणी कुठले हे पाहून मी तरी मासे अखंडच नेतो आणि घरी साफ करतो. दुसरे, पर्यटक दिसला की पहिला भाव चढा निघतो. थोडे थांबून दोन-तीन वाट्यांचे भाव ऐकले की तो आपोआप खाली येतो.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने तेव्हा मुद्दाम हर्णैला जाऊ नये. त्या दिवसांत रस्त्याकडेला कोणी मोठी सुरमई दाखवून ‘आत्ताच आली’ म्हणाले, तर ती शीतगृहातून आली असेल असे धरून चालावे आणि कल्ले उघडून पाहिल्यावरच भाव विचारावा.