धारणी की भामरागड? जंगलातला बाजार पाहायला निघण्यापूर्वी

वाघ बघायचाय? मग सरळ ताडोबा गाठा, पुढचं वाचायची गरज नाही. हे लिहितोय ते वेगळ्या पिंडाच्या माणसासाठी. त्याला जंगलाच्या पोटातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी दोन-तीन रात्री काढायच्या असतात. आठवडी बाजारात काही घ्यायचं नसताना फिरायचं असतं, टपरीवर बूड टेकून चहा प्यायचा असतो, आणि गावात 'पॉइंट' नाहीत म्हणून त्याचा जीव कासावीस होत नाही. विदर्भात अशा माणसापुढे दोन नावं हमखास येतात: अमरावती जिल्ह्यातलं धारणी आणि गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड.

कागदावर दोन्ही गावं जुळी वाटतात. दोन्ही तालुक्याची ठिकाणं, दोन्हीकडे चहूबाजूंनी जंगल, दोन्हीकडे वस्ती मुख्यतः आदिवासींची, दोन्ही परराज्याच्या हद्दीला खेटून. प्रत्यक्षात एका गोष्टीने सगळं बदलतं. धारणी वाटेवरचं गाव आहे. तिथून रस्ता पुढे मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर-खंडव्याकडे निघून जातो. भामरागडला मात्र बाहेरच्या माणसाची वाट जवळजवळ संपतेच. बाजार, जेवण, मुक्काम, गावकऱ्यांचं तुमच्याकडे बघणं, सगळ्यातला फरक इथून सुरू होतो.

पोचायचं कसं

धारणीचा रस्ता अमरावतीहून परतवाडा आणि पुढे घाटाने बिहाली, घटांग, सेमाडोह, हरिसाल असा जातो. एकूण अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण त्याला समृद्धी महामार्गाचा हिशेब लावू नका. परतवाडा सोडलं की वळणंच वळणं. चार तास मोकळे ठेवा आणि उजेडात पोचा. मुंबई-पुण्याकडून रेल्वेने येणाऱ्यांनी बडनेऱ्याला उतरावं. ज्यांना मेळघाटाची वळणं सोसत नाहीत त्यांनी खंडवा किंवा बुऱ्हाणपूर स्टेशन धरून पलीकडून यावं. तो रस्ता बराच सोपा. जुन्या लेखांमध्ये अकोला-खंडवा मीटरगेज गाडीचं आणि धूळघाटच्या त्या गोल फिरणाऱ्या रुळांचं मोठं रसभरित वर्णन असतं. ते वाचून कुणी तिकिटाच्या शोधात निघू नये. जंगलातून जाणारी ती गाडी बंद आहे.

धारणीला जाताना प्रवास हाच अर्धा कार्यक्रम असतो. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. रस्ता त्याच्याच मुलखातून जातो आणि सिपना नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भेटत राहते. सेमाडोहला थांबून रबडी खा, यात वाद नको. मेळघाटातल्या गवळ्यांचा खवा आणि रबडी यांचं नाव परतवाडा-अमरावतीपर्यंत आहे. पुढे हरिसाल लागतं, २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलेलं. मोबाइलची रेंज मात्र ज्याची त्याने बघावी.

भामरागडला नागपूरहून निघालात तर गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि मग भामरागड. साडेतीनशे किलोमीटर तरी होतात आणि त्यात पूर्ण दिवस जातो. रेल्वेवाल्यांनी चंद्रपूर किंवा बल्लारशा. आष्टी ते आलापल्ली या टप्प्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक असतात. धूळ, खड्डे आणि ओव्हरटेक यांनी डोकं उठतं. आलापल्ली मागे पडली की चित्र पालटतं. सागवानाचं इतकं जुनं, इतकं उंच जंगल महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी उरलं असेल. त्यातला 'वनवैभव' नावाचा तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. वाटेत नाकाबंदीला पोलीस विचारपूस करतात. ओळखपत्र वर काढून ठेवा, सरळ उत्तर द्या, पुढे निघा. आणखी एक, पार्टीच्या बेताने निघालेल्यांसाठी: गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. डिकीतलं सामान घरीच ठेवा.

बाजार

तुमचा निर्णय इथेच व्हायला हवा, म्हणून जरा सविस्तर.

धारणीचा बाजार मोठा, गजबजलेला आणि मिश्र. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी बायका खेड्यांतून काळीपिवळीने, ट्रॅक्टरवर, एसटीने येतात. विकणारे पुष्कळसे बाहेरचे, कुणी परतवाड्याचा तर कुणी बुऱ्हाणपूरकडचा. तयार कपडे, गिलटाचे दागिने, बियाणं, खताच्या पिशव्या, ॲल्युमिनियमची भांडी, मोबाइलची कव्हरं, आणि मध्येच एखाद्या फडक्यावर कुटकी किंवा सावा ही भरडधान्यं. कानावर पडते ती हिंदी आणि कोरकू. मराठी कळते सगळ्यांना, पण आपण बोलल्यावर उत्तर हिंदीतच येतं. कोरकू ही मुंडा कुळातली, म्हणजे तिकडे झारखंडच्या संथाळी-मुंडारीची बहीण. गोंडीशी किंवा मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. बाजारात उभं राहून नुसती ऐकली तरी तिची लय वेगळी पडते.

होळीच्या आधीचा बाजार मात्र बाकी वर्षातल्या बाजारांसारखा नसतो. कामाच्या शोधात सपाटीवरच्या जिल्ह्यांत गेलेली कोरकू कुटुंबं होळीला काहीही करून घरी परततात. महिन्यांची मजुरी त्या एका बाजारात खर्च होते: पोरांना कपडे, गूळ, रंग, ढोलकीचं कातडं. रस्त्यावर फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागणारी टोळी गाडी अडवते. सुट्टे पैसे द्या, हसा, त्यांचं नाचणं बघा. होळीनंतर काही गावांत मेघनाथची जत्रा भरते. धारणीला जायचंच असेल आणि तारीख निवडायची मोकळीक असेल, तर मी डोळे मिटून होळीचा आठवडा सांगेन.

भामरागडचा बाजार आकाराने लहान. पण तिथे विकणारा आणि विकत घेणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो. इथल्या माडिया आदिवासींपैकी एखादी बाई डोक्यावरच्या टोपलीतून काहीतरी घेऊन येते, ते विकते आणि त्याच पैशांत मीठ, तेल, साबण, मिरची घेऊन परत फिरते. ते 'काहीतरी' ऋतूप्रमाणे बदलतं. मार्च-एप्रिलला मोहाची फुलं. पुढे चारोळी. पाऊस पडला की बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात, आणि रानातली सात्या-टेकोडे ही अळंबी. जोडीला सुकी मासळी, चिंच, डिंक, बांबूच्या टोपल्या, पानाच्या द्रोणात लाल मुंग्या.

मोहाच्या मोसमात गेलात तर एका जागी उभं राहून सौदा बघा. व्यापारी पोत्यात हात कोपरापर्यंत घालतो आणि वरची नव्हे, तळातली मूठ बाहेर काढतो. मूठ दाबून उघडतो. फुलं सुटी होऊन तळव्यावर पसरली तर माल वाळलेला; चिकटून गोळा झाला तर ओल आहे, भाव पडला. बाई काही बोलत नाही. तीही वाकून आपल्या पोत्यातली एक मूठ काढते, त्याच्यापुढे धरते आणि दाबून उघडून दाखवते. भाव त्या दोन मुठींच्या मध्ये कुठेतरी ठरतो. वजनकाट्याकडे लक्ष असू द्या, तिथे काय होतं ते मी सांगण्यापेक्षा तुम्हालाच दिसेल.

इथे माडिया, हिंदी, छत्तीसगडी, आलापल्ली-अहेरीच्या बाजूने आलेली तेलुगू, आणि मराठी अशी सरमिसळ ऐकू येते. लांबच्या पाड्यांवरून, अगदी छत्तीसगडातल्या अबुझमाडच्या डोंगराळ जंगलाच्या बाजूनेही लोक चालत येत आले आहेत. त्यांना अंधाराआधी परतायचं असतं, त्यामुळे बाजार लवकर ओसरतो. दुपारी जेवून आरामात जाऊ म्हणाल तर रिकाम्या ताडपत्र्या दिसतील. दोन्ही गावांसाठी एकच सूचना: बाजाराचा वार आणि वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पक्की करा. अमरावती किंवा अहेरीच्या एसटी डेपोत त्या मार्गावरचा कंडक्टर भेटला, तर त्याच्याइतका खात्रीचा माणूस नाही.

फोटोंबद्दल. धारणीत लोकांना कॅमेऱ्याची सवय झाली आहे. भामरागडला गोंदलेल्या म्हाताऱ्या बायकांवर कॅमेरा रोखणारे इतके येऊन गेलेत की त्या सरळ तोंड फिरवतात, आणि बरोबरच करतात. आधी काहीतरी विकत घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. नाही म्हणाल्या तर विषय संपला.

बाजार उठल्यावर काय

धारणीला बाजार संपला की गाव तसं साधंच. बसस्टँड, लॉज, हॉटेलं, कचेऱ्या. पण आसपास खूप आहे. कोलकासला सिपनेच्या काठावरचं वनविश्रामगृह मिळालं तर लॉजचा विचारही करू नका. आरक्षण वन विभागाकडे, आणि सुट्टीच्या दिवसांत लवकर करावं लागतं. चिखलदरा परतीच्या वाटेवर घटांगहून वळून करता येतं. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने घेतलेला गाविलगड किल्ला तिथेच आहे, आणि कॉफीही. बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे या डॉक्टर दांपत्याने आयुष्य घातलं, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुपोषणाच्या बातम्यांपलीकडचा मेळघाट समजून घ्यायचा असेल तर अशा कामांबद्दल आधी वाचून जा.

भामरागडला तीन नद्या आहेत: इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतमी. संगमावर संध्याकाळी जाऊन बसा, पलीकडे छत्तीसगड. गावाच्या थोडं अलीकडे हेमलकसा. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ ला सुरू केलेला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी उभा केलेला लोक बिरादरी प्रकल्प. बाजार आणि प्रकल्पाचा दवाखाना एकाच फेरीत उरकणारे लोक तुम्हाला तिथे भेटतील. बहुतेक पर्यटक गाडीतून उतरून प्राण्यांचं अनाथालय बघतात, सेल्फी घेतात आणि दुपारी आलापल्लीकडे फिरतात. भामरागडचा बाजारही न बघता. इतक्या लांब येऊन एवढंच करायचं असेल तर पेट्रोल वाया. परतीला कमलापूरचा सरकारी हत्ती कॅम्प जोडता येतो. लाहेरीच्या पुढे बिनागुंडाचा धबधबा आहे, पण स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय आणि चौकशी केल्याशिवाय तिकडे निघू नका.

मुक्कामाची सोय भामरागडला बेताची. आधी ठरवल्याशिवाय जाऊन उभं राहणं बरं नाही. सोय नाहीच झाली तर आलापल्ली किंवा अहेरीला राहून पहाटे निघायचं, म्हणजे बाजार सापडतो. जेवणाचंही तसंच. धारणीत भजी-समोसे, पोहे-जिलबीपासून थाळीपर्यंत मिळतं. भामरागडला भात, वरण, नशिबात असेल तर नदीचे मासे, आणि सांगून ठेवलं असेल तरच वेळेवर. रोख पैसे दोन्हीकडे जवळ ठेवा, भामरागडला जरा जास्तच.

ऋतू

पावसाळा असेल तर प्रश्नच मिटला: धारणी. जुलै ते सप्टेंबर मेळघाट नुसता हिरवागार असतो, घाटात धुकं उतरतं. भामरागड मात्र पर्लकोट्याला पूर आला की जगापासून तुटतं. पुलावरून पाणी जातं, कधी बाजारपेठेतही शिरतं. दरवर्षी बातमी येते आणि दरवर्षी कुणीतरी हौशी तिथे अडकून पडतो. भामरागडसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मोह बघायचा तर मार्च अखेर ते एप्रिल, उन्हाची तयारी ठेवून. मे महिन्यात तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानं गोळा करण्याचं केंद्र, चालू असते. तेव्हा सगळं गाव पहाटेपासून रानात असतं आणि तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो.

मग जायचं कुठे

सोबत लहान मुलं किंवा आईवडील असतील, हाताशी शनिवार-रविवारला जोडून एखादाच दिवस असेल, किंवा असा प्रवास पहिल्यांदाच करत असाल, तर धारणी. बाजार हुकला तरी जंगल, नदी, रबडी, चिखलदरा यांत सहल वसूल होते. चार दिवस मोकळे असतील, गाडी आणि चालवणारा दोन्ही भरवशाचे असतील, आणि एका जागी बसून राहण्याचा कंटाळा नसेल, तर भामरागड. दोन्हीपैकी एकच परत बघायला मिळणार असेल तर मी भामरागड घेईन, आणि तेही जानेवारीत.

दोन्ही नको वाटत असतील, म्हणजे धारणी फार गजबजलेलं आणि भामरागड फार लांब, तर तिसरा पर्याय गोंदिया जिल्ह्यात आहे: अर्जुनी मोरगाव आणि शेजारचं नवेगावबांध. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर असल्याने रेल्वेने जाता येतं. कोलू पाटील कोहळीचं म्हणून सांगितलं जाणारं तळं आहे, हिवाळ्यात पक्षी आहेत, गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. इथला बाजार धारणीएवढा नाही आणि भामरागडसारखाही नाही. पण भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याची, नाटकं लागतात, रात्रभर. दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर तिकडेच जा. सोबत एक चादर ठेवा, नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि मांडवात थंडी वाजते.