सचेत आणि दामिनी, वर्षभर वापरून

आम्ही पाटण तालुक्यातले, म्हणजे एकाच गावात सगळं मिळतं, पावसात दरड, नदीला पूर, वळवात विजा न मधूनच जमीन हलते. म्हणून गेल्या जूनमध्ये आण्णांच्या फोनवर ही दोन सरकारी ॲप टाकून दिली. फुकट आहेत.

दामिनी आधी, कारण मला तेच जास्त आवडलं. पुण्याच्या आयआयटीएमचं, म्हणजे हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचं आहे, फक्त विजेसाठी. आपल्या भोवती २० न ४० किलोमीटरचे गोल दाखवतं आणि गेल्या ५, १०, १५ मिनिटांत वीज कुठं पडली ते वेगवेगळ्या रंगात. आण्णा वळीव आला की आंब्याखाली थांबणारे, किती सांगितलं तरी ऐकायचे नाहीत, ह्या मे महिन्यात ठिपके जवळ यायला लागले तसे गपचूप घरी आले!

सचेत एनडीएमएचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. पाऊस, पूर वगैरे सगळे इशारे एका ठिकाणी, मराठीत पण. फक्त इशारा बऱ्याचदा आख्ख्या जिल्ह्याला असतो, आता सातारा जिल्हा म्हणजे इकडं महाबळेश्वर न तिकडं माण, दोघांना इशाऱ्याचा एकच रंग कसा चालेल? हल्ली घाटमाथ्याचा वेगळा देतात, आमच्या कामाचा तोच.

भूकंपाच्या आशेवर राहू नका, तो आधी सांगणारं जगात काही नाही. कराडजवळ हजारमाचीला खास प्रयोगशाळा आहे, कोयनेच्या भूकंपांसाठी ३ किलोमीटर खोल बोअर मारलंय त्यांनी, तरी तारीख-वेळ कोण सांगणार. दरडीचं पण तेच, २०२१ च्या जुलैत मिरगाव, आंबेघरला डोंगर खाली आला, तसा आमच्या वस्तीवर कधी येईल हे ॲप सांगत नाही. म्हणून घरात ठरवलंय, घाटमाथ्याला रेड अलर्ट आला की अंधार पडायच्या आत आई-आण्णा कराडला आत्याकडं, कागदपत्रांची पिशवी दाराला टांगलेलीच असते. गेल्या पावसाळ्यात दोनदा गेले, एकदा काहीच झालं नाही, आण्णा परतीच्या एसटीत पाटण येईपर्यंत कुरकुरत होते.

दामिनीला ५ पैकी साडेचार, सचेतला ४. टाकलंत तर ह्या दोघांपुरता बॅटरी सेव्हर बंद ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती कंट्रोल रूमचा नंबर १०७७ भिंतीवर लिहून ठेवलाय, पण रेंज गेली की ॲप पण मुकं न १०७७ पण, तेव्हा रेंज आहे तोवरच निघा.