शांत वर्गाला सहा देणार होते

निरीक्षणाची पट्टी हातात आली की आपलेच पूर्वग्रह आधी मोजले जातात. एपीईईसी या वर्ग कसा चालतो ते बघून गुण द्यायच्या पट्टीने माझं तेच केलं. हेमीटर, मॅक्सवेल, ऑल्ट आणि शुस्टर यांची ही पट्टी २००१ ची, मोठ्या शिशुवर्गापासून तिसरीपर्यंतच्या वर्गांसाठी. बाबी १६, प्रत्येकीला १ ते ७ गुण.

पहिलाच वर्ग दुसरीचा. टाचणी पडली तरी ऐकू यावी इतका शांत. मी शिकवत होते तेव्हा असल्या वर्गाचं मला फार कौतुक, त्यामुळे मनात सहा देऊन मोकळी झाले होते. मग मुलांच्या कामाच्या मांडणीची बाब उघडली. भिंतीवर फुलपाखरं होती, सगळी निळी, प्रत्येकाला दोनच ठिपके. कुठलं कुणाचं ते मुलांनाही सांगता आलं नसतं. मुलांना निर्णयात वाटा? खडूचा रंगसुद्धा बाई ठरवत होत्या. सुट्टीआधी हात धुवायला रांग लागली आणि नऊ मिनिटं पोरं भिंतीला टेकून नुसती उभी! एका कामातून दुसऱ्याकडे जाण्याच्या वेळेला इथे स्वतंत्र बाब आहे. माझ्या मते हीच सगळ्यात कामाची. माझ्या वर्गात अशी मिनिटं किती गेली असतील, कोण जाणे.

शिक्षिकेची मुलाखत मात्र घाईत उरकू नका. त्याच बाईंनी कपाटातून प्रत्येक मुलाची वही काढली: कोण कुठल्या जोडाक्षराला अडतं, तारखेसह. मला दिवसभरात त्याचा पत्ता नव्हता. प्रगतीच्या नोंदीचे गुण मी खोडून वाढवले.

तक्रारी आहेतच. संगणकाची बाब जुनी झाली. प्रत्येकाच्या हातात टॅबलेट असलेल्या वर्गाला ती कशी लावायची? शिवाय हातच्याची वजाबाकी बाईंनी नीट शिकवली का, हे ही पट्टी विचारत नाही. शिकवतानाचं बोलणं बारकाईने हवं असेल तर ‘क्लास’ ही वर्गनिरीक्षणाची दुसरी पट्टी घ्या: २० मिनिटं बघायचं, १० मिनिटं गुण द्यायचे, पुन्हा बघायचं. आणि सोळा बाबींची सरासरी शाळेला देऊन मोकळं होऊ नका. चार म्हणजे प्रेमळ पण कंटाळवाणा वर्ग की उलटं, ते त्यातून कळत नाही.

विकत घेणार असाल तर सुरुवातीला एकच वर्ग दोघींनी वेगवेगळा मोजा. शिक्षिका-मुलांच्या बोलण्यात माझे पाच आले, मैत्रिणीचे तीन. बाईंनी विचारलेल्या प्रश्नांपैकी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागणारे किती, ते तिने टिपून ठेवलं होतं. मी फक्त आवाज किती गोड होता ते ऐकलं होतं.